संगिनीवरची अक्षरं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला एका सभासदाने आपल्या छंदाविषयी बोलावं, असं कार्यकारिणीने ठरवलं होतं. त्या मालिकेत तळमजल्यावरच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. नोटीस बोर्डावर ‘संगिनीवरील खुणांचा अभ्यास’ असा माझा विषय लागला आणि गेले आठ दिवस आमच्या सौ.ची जिन्यात चेष्टा चालू आहे. तर ही संगिनी म्हणजे सहधर्मचारिणी नव्हे. बंदुकीच्या नळीला पुढे जे पातं लावतात ती संगीन. तिच्यावर बारीक ठोकलेली अक्षरं, आकडे आणि चिन्हं असतात. निवृत्तीनंतरची माझी बरीच वर्षं ती वाचण्यात गेली.

आता एक काम करा. खिशातलं एखादं नाणं काढा. साल लिहिलंय त्याच्या खाली बघा. बारीक चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. तारा असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. आपण रोज नाणी हाताळतो, पण खाली बघत नाही. संगिनीचंही तसंच आहे. ती कुठे झाली, कधी झाली, कोणी तपासली आणि कोणाच्या मालकीची होती, हे सगळं तिच्या अंगावर लिहिलेलं असतं. वाचणारा पाहिजे.

मी बँकेतला माणूस. उभी नोकरी सह्या पडताळण्यात गेली. चेकवरची सही आणि कार्डावरची सही शेजारी ठेवायची आणि फरक शोधायचा. २०११ साली निवृत्त झालो तेव्हा हाताला काम नव्हतं, पण डोळ्याची सवय सुटेना. तेव्हा आमच्या वरंधच्या घरातली संगीन आठवली.

वरंध तुम्हाला ठाऊक आहेच. भोरला जाताना घाट लागायच्या आधीचं आमचं गाव. वर कावळ्या किल्ला, पलीकडे शिवथरघळ. या महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात पलटणीत गेलेला माणूस नाही असं गाव क्वचित सापडेल. आंबवडे गावाला तर लोक ‘फौजी आंबवडे’च म्हणतात. आमचे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. घरात देव्हाऱ्याशेजारी खुंटीला एक संगीन टांगलेली असायची. खंडेनवमीला कोयता, आकडी, नांगराचा फाळ यांच्याबरोबर तिचीही पूजा व्हायची. झेंडूचं फूल, हळदकुंकू, वर तेलाचं बोट. आम्हा पोरांना सांगितलं जायचं, “ही तुमच्या आजोबांनी कूटच्या वेढ्यातून आणली.”

कूट म्हणजे कूट-अल-अमारा. तैग्रिस नदीच्या काठावरचं गाव. जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तिथे अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा होता. शेवटी घोडी मारून खायची वेळ आली. शरण गेलेले सुमारे १३ हजार सैनिक तुर्कांनी कैद करून वाळवंटातून चालवत नेले, त्यातले कितीतरी वाटेतच गेले. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या आपल्या तीन मराठा पलटणी होत्या. तेव्हा आमच्या घरात ही संगीन म्हणजे काय होती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गावात आमच्या घराला जो काही मान होता, तो त्या खुंटीवर होता.

मी ती खाली काढली, खोबरेल तेल लावून दोन दिवस ठेवली आणि जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली. इथे एक सूचना. घरात अशी जुनी वस्तू असेल तर पॉलिश पेपर, चिंच, वीटकर काही लावू नका. आमच्या एका नातेवाइकाने हौसेने पॉलिश पेपर मारला. वस्तू आरशासारखी चकाकली, पण अक्षरं कायमची गेली. पासबुक धुऊन स्वच्छ करण्यासारखंच ते.

सत्तर वर्षांचं हळदकुंकू निघाल्यावर पात्याच्या मुठीलगतच्या सपाट भागावर मुकुट दिसला. त्याखाली ‘जी. आर.’, म्हणजे जॉर्ज राजा. त्याखाली १९०७. मी वहीत ऐटीत लिहिलं, ‘निर्मिती १९०७’. चांगले नऊ महिने ते तसंच होतं.

ते चुकीचं होतं. १९०७ हे नमुन्याचं साल. त्या साली इंग्रजांनी आपल्या रायफलीसाठी १७ इंच पात्याची संगीन मंजूर केली आणि पुढे अनेक वर्षं बनणाऱ्या त्या नमुन्याच्या संगिनीवर १९०७ हाच आकडा ठोकला जाई. खरी तारीख त्याखाली असते, महिना आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. त्याच्याजवळ कारखानदाराचं नाव असतं. विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल, व्हिकर्स अशी नावं सापडतात. आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेली असेल तर ‘आर. एफ. आय.’ आणि राजाच्या अक्षरांत एक अक्षर जास्त, ‘जी. आर. आय.’, म्हणजे राजा आणि बादशहा.

पात्याच्या दुसऱ्या बाजूला आणखी गंमत असते. तिथे तीन रेघांचा बाण दिसतो, हुबेहूब कावळ्याचा पाय. ती सरकारी मालकीची खूण. बाणाखाली ‘आय’ असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. ‘एक्स’सारखी फुली असेल तर पातं वाकवून बघितलं, ते मोडलं नाही आणि परत सरळ झालं, याची ती पावती. मुकुट, त्याखाली आकडा आणि अक्षर असेल तर तो तपासनिसाचा शिक्का. आपण ‘पाहिलं, बरोबर’ म्हणून सही करतो ना, तसा. मुठीच्या टोकाला कधी पलटणीचा आकडा आणि हत्याराचा नंबर मिळतो. आणि शेवटचं एक लक्षात ठेवा, कारण पुढे ते लागणार आहे. सैन्याने एखादी वस्तू रीतसर विकून टाकली तर तिच्यावर दोन बाण एकमेकांना टोकाला टोक लावून ठोकतात. बँकेच्या भाषेत खातं बंद.

हे कळल्यावर मला नादच लागला. मी हत्यारं गोळा केली नाहीत, हे स्पष्ट सांगतो. मी गोळा केले ते ठसे. पातळ बटर पेपर खुणेवर धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी घासायची. लहानपणी आपण वहीच्या पानाखाली नाणं ठेवून करायचो तसंच. बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने टाकला की पुसट अक्षरंही उठून दिसतात. मग वहीत रकाने: लांबी, खुणा, कुठे पाहिली, घरचे काय सांगतात आणि खुणा काय सांगतात. शेवटचे दोन रकाने मी मुद्दाम वेगळे ठेवले आहेत.

पोलादपूरच्या बाजूला एका घरी परसात नारळ सोलायला पुरलेली तीन धारी संगीन मिळाली. ती नळीवर बसवायच्या कड्याची, म्हणजे फार जुन्या पद्धतीची. कड्यावर एक अक्षर आणि एक आकडा होता. कंपनी आणि हत्याराचा नंबर. घरच्या आजीबाई म्हणाल्या, “नंबर कसला, आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून ती नारळच सोलतीय.”

दुसऱ्या एका संगिनीवर १९१३ साल आणि ‘रेमिंग्टन’ हे नाव होतं. मी चमकलो. बँकेत आयुष्यभर रेमिंग्टनच्या टाइपरायटरचा खडखडाट ऐकला होता. मूळ घराणं एकच. पहिल्या महायुद्धात इंग्लंडचे कारखाने पुरे पडेनात, म्हणून अमेरिकेत ऑर्डरी दिल्या होत्या. या संगिनीच्या मुठीच्या लाकडावर दोन आडव्या खाचा असतात. कारण ती दिसायला १९०७ सारखीच, पण त्या रायफलीला बसत नाही. घाईत, अंधारात शिपायाला नुसत्या बोटांनी कळावं म्हणून त्या खाचा. मला ही युक्ती फार आवडली.

कोणी म्हणेल, खुणा म्हणजे ब्रह्मवाक्य का? नाही. आपल्याकडे मराठ्यांच्या काळात युरोपातून पाती यायची आणि त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवायचे, तिला फिरंग म्हणत. त्या पात्यांना इतका भाव होता की, इथले कारागीरही युरोपातल्या नामांकित कारागिरांची नावं आणि खुणा आपल्या पात्यांवर कोरायचे. म्हणजे खोटी सही पूर्वीपासून आहे. म्हणून एका खुणेवर भागत नाही. साल, माप, मूठ, म्यान या सगळ्यांची तोंडमिळवणी व्हावी लागते.

आणि आमच्या घरच्या संगिनीची तोंडमिळवणी होत नव्हती.

तिच्यावर ‘विल्किन्सन’ होतं आणि तारीख होती चौथा महिना, सतरा साल. एप्रिल १९१७. म्हणजे कूट पडल्यानंतर जवळजवळ वर्षाने ती इंग्लंडमध्ये तयार झाली होती. मग मी पट्टी लावली. पातं १७ इंचांऐवजी १२ इंच भरलं. पात्यावरची खोबण टोकाच्या आधी संपायला हवी होती, ती सरळ टोकातून बाहेर गेलेली होती, म्हणजे पातं मागाहून कापलेलं. गावच्या लोहाराने कापलं असेल, असं मी मनाला समजावलं. पण म्यानही त्याच मापाचं होतं आणि म्यानावर शिक्का होता १९४३ चा. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या सैन्याने लांब संगिनी अडचणीच्या म्हणून १२ इंचांवर कापून घेतल्या होत्या. ही त्यातलीच. बाणाखाली ‘आय’ होता. दोन बाण टोकाला टोक लावलेले मात्र कुठेही नव्हते.

याचा अर्थ सरळ होता. ही संगीन १९४३ पर्यंत सरकारच्या कोठारात होती. आजोबा तर १९१९ लाच घरी आले होते. ती त्यांनी आणलेली नव्हती. आणि ज्याने कोणी आणली, त्याला ती सरकारने विकलेली नव्हती.

ज्यांना विचारावं असं एकच माणूस उरलं होतं, आमची आत्या. आजोबांचं शेंडेफळ, बिरवाडीला दिलेली, तेव्हा वय ८१. एसटीने गेलो, वही उघडली आणि सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “तू बँकेत होतास ते ठीक. आता बापजाद्यांच्या घराचंही ऑडिट काढायला आलास होय?” चहा न देता मला परत पाठवलं. पुढे गणपतीत आली नाही, दिवाळीत भाऊबीजेलाही आली नाही. चुलतभाऊ म्हणाले, “कशाला उकरून काढलंस? कोणाचं काय बिघडत होतं?” मलाही तसंच वाटू लागलं होतं. मेलेल्या माणसांच्या खात्यातली चूक दुरुस्त करून कोणाचं भलं होणार?

पाच-सहा महिन्यांनी आत्यानेच निरोप धाडला, “येऊन जा.”

त्या दिवशी तिने सांगितलेलं मी आजवर घराबाहेर बोललो नव्हतो. आत्या आता नाही, आणि जायच्या आधी तिने मला सांगितलं होतं, “माझ्यामागे सांगितलंस तरी चालेल.” आमचे धाकटे चुलते दुसऱ्या महायुद्धात भरती झाले होते. मी जन्मायच्या आधीच ते वारले, म्हणून मला त्यांची ओळख फोटोपुरतीच. त्यांची सगळी नोकरी इथेच, कोठारावर गेली. बर्मा नाही, इटली नाही. १९४६ ला घरी आले तेव्हा पारावर लोक विचारायचे, “काय रे, लढाई कुठली बघितलीस?” बाप कूटचा म्हणून गाजलेला आणि पोरगा हिशेबाच्या वह्या लिहून आलेला. आत्या म्हणाली, “त्याने ट्रंकेच्या तळाशी, गोधडीत गुंडाळून ती आणली होती. त्याला बी बापासारखं कायतरी घेऊन यायचं होतं रे.”

आजीने ती बघितली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. सरकारी वस्तू घरात! तिने पोरांना सांगितलं, “कोणी विचारलं तर ह्यांची म्हणून सांगायचं.” पेन्शनरच्या घरात पाटीलसुद्धा चौकशी करणार नाही, हा तिचा हिशेब. तीन वर्षांनी चुलते तापाने गेले आणि मग ते वाक्य खरंच होऊन बसलं. आत्या म्हणाली, “खोटं नव्हतं ते, झाकणं होतं. पण झाकता झाकता माझा भाऊच झाकला गेला. त्याचं नाव घरात कोणी काढीना.”

एवढं बोलून ती उठली आणि आतून एक डबी घेऊन आली. डबीत एक पदक होतं, चांदीचं. नातीच्या पैंजणांसाठी ते मोडायचं दोनदा ठरलं होतं आणि दोनदा राहून गेलं. मी ते खिडकीशी नेलं आणि कडेवर नजर फिरवली. त्या पदकांच्या कडेवर शिपायाचं नाव ठोकलेलं असतं. आमच्या आजोबांचा नंबर, नाव आणि पलटणीचा आकडा ११० तिथे होता.

मंडळी, सत्तर वर्षं आम्ही चुकीच्या वस्तूची पूजा करत होतो आणि खरी वस्तू डबीत पडून होती. मात्र बँकवाल्याने जेवढं कागदावर आहे तेवढंच बोलावं. आजोबा ११० मध्ये होते, हे त्या कडेने सिद्ध केलं. ते वेढ्याच्या आत होते की बाहेर, हे ती कड सांगत नाही आणि मीही आता सांगत नाही. एक गोष्ट मात्र सांगतो. १९२२ साली पलटणींची फेररचना झाली, तेव्हा ही ११० वी मराठा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. आणि याच तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, आपल्या शेजारच्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतले बाकीचे पडल्यावर ते एकटे मशीनगनवर चालून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचं स्मारक आहे. मुलांनो, एसटी तिथून जाताना खिडकीतून बघत जा.

आता संगिनीचं काय झालं, ते सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याच्या नियमांतल्या शस्त्रांच्या यादीत तलवार, खंजीर, भाल्याबरोबर संगिनीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वकील नाही, पण दुसऱ्याच्या कर्जाची कागदपत्रं तपासणाऱ्याने स्वतःच्या घरातली कागद नसलेली वस्तू ठेवायची कशी? चुलतभाऊ नाराज झाले. दोन जण अजून नीट बोलत नाहीत. “एवढी जुनी वस्तू, कोण बघतंय?” हेच त्यांचं म्हणणं. मी वकिलांचा सल्ला घेतला, अर्ज लिहिला आणि ती पोलीस ठाण्यात रीतसर जमा केली. देताना हात थरथरला, हे खोटं कशाला बोलू? निघण्यापूर्वी शेवटचा ठसा घेतला. तो इथे टेबलावर आहे. खाली मी लिहिलंय, ‘आणणारा: धाकटे चुलते, १९४६’. आधीची ‘कूट’ ही नोंद लाल शाईने एक रेघ मारून खोडली आहे आणि शेजारी सही केली आहे. बँकेत खोडलेलं वाचता आलं पाहिजे, असा नियम असतो. घरातही असावा.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला खुंटीवर संगिनीऐवजी धाकट्या चुलत्यांचा फोटो लावला. शेजारी आजोबांचं पदक. आत्या स्वतः आली होती. तिने दोन्हींना झेंडू वाहिला.

या वह्या आज तुम्हाला दिसताहेत, त्याचं श्रेय मात्र माझं नाही. २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी या हॉलमध्ये छातीच्या वर आलं होतं, ते कोणीच विसरलेलं नाही. मी तळमजल्यावर राहतो. त्या रात्री औषधं आणि पासबुकं घ्यायच्या धावपळीत ठशांची पेटी पलंगाखालीच राहिली. ती दुसऱ्या मजल्यावरच्या दोन मुलांनी, कंबरभर पाण्यातून, “काकांची पेटी, काकांची पेटी” म्हणत डोक्यावर वर नेली. तेव्हा ती दोघं बारावीत होती. आत काय आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं. आज त्यांना पहिल्यांदा कळत असेल.

शेवटी एकच विनंती. आपल्यातल्या बहुतेकांची घरं गावाकडे आहेत. कोणाच्या तरी ट्रंकेत आजोबांचं पदक असेल, डिस्चार्जचं पुस्तक असेल. चांदीचा भाव वाढला म्हणून पदक मोडू नका. मोडायचंच असेल तर निदान कडेवरचं नाव आधी उतरवून घ्या. हत्यार असेल तर लपवू नका आणि भंगारातही देऊ नका. ठसा घ्या आणि रीतसर वाट काढा. आणि घरात एखादी म्हातारी बाई असेल तर तिला आधी विचारा. खुणा कधी आणि कुठे एवढंच सांगतात. का, ते तिलाच माहीत असतं.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पुढच्या पंचवीस वर्षांनी कोणी या स्मरणिकेचं पान उलटेल, तेव्हा त्याला आपल्याही खुणा वाचता येवोत, एवढीच शुभेच्छा.

चहा तयार आहे, असं कळतंय. ज्यांना ठसा घेऊन बघायचाय त्यांनी इकडे टेबलाशी यावं. पेन्सिली मी पुरेशा आणल्या आहेत.